कोरी बाटली

ती एकच होती. जोडीला दुसरं कुणी नाही, मग काय होणार आहे, असं मी स्वतःला समजावलं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत निम्मं आयुष्य घालवलेल्या बाईनं!

दुकानदारानं ‘लॉबस्टर’ म्हणून दिली होती. बोटभर लांब, अंगावर संगमरवरासारखे डाग, पुढं खेकड्यासारख्या नांग्या. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची काचेची टाकी माझ्या गळ्यात पडली. घरात जीव मरू द्यायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. “गणपतीबरोबर तिलाही पाण्यात सोड,” त्या म्हणाल्या. चितेगावच्या अलीकडच्या तलावावर आरती झाली, मूर्ती गेली, मागोमाग मी बादली कलती केली. वर हातही जोडले.

महिनाभरानं वाचनात आलं, की या जातीत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय एकटीच मादी पिलं देते. मी पुस्तक मिटलं. सहा वर्षं कुणाला बोलले नाही.

यंदा आमच्या कॉलेजनं बाहेरून आलेल्या जाती शोधायला तलावांचं पाणी तपासायला घेतलं. प्राणी दिसायलाच हवा असं नसतं. कात टाकताना, विष्ठेतून, त्याचा डीएनए पाण्यात उतरत राहतो. पाणी गाळायचं, गाळणकागद बर्फात आणायचा, यंत्रात त्या जातीची खूण शोधायची. प्रत्येक तलावावर एक कोरी बाटलीही गाळायची. आत नुसतं शुद्ध पाणी. तिच्यात खूण आली तर घाण आपल्याच हाताची.

काठावर जाळं विणत बसलेला मच्छीमार म्हणाला, “कायतरी जाळी कातरायलंय, ताई. धरावं तर घावत नाय. तुमच्या बाटलीत दिसंल व्हय?”

“दिसेल,” मी म्हणाले. त्याच्याकडं बघवलं नाही.

तलावाच्या पाण्याच्या सगळ्या बाटल्यांत तिच्या जातीची खूण आली. मी विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले आणि बादलीपासून सगळं सांगून टाकलं.

सरांचा चेहरा खुलला. “मग सुटलो की, मॅडम! तुमच्याच हातावरनं आलं असंल. ‘नमुना दूषित’ लिहा. कशाला नोकरीवर बालंट घेता?”

“सहा वर्षं मी हात धुतले नाहीत, असं लिहू का, सर?”

ते हसले. मी हसले नाही. “कोरी बाटलीही याच हातांनी गाळली. ती कोरीच आली.”

‘दूषित’ लिहिलं की सापळे लावायच्या यादीतून हा तलाव जाणार. सापळे लागणार नाहीत. पावसाळ्यात सांडव्यावरून ती पिलं नदीला लागणार. माझ्या कबुलीचा असा उपयोग मी होऊ देणार नव्हते.

अहवालात शेवटचा रकाना होता, ‘संभाव्य स्रोत’. तिथं पेनानं लिहिलं: विसर्जन. मी स्वतः सोडली. खाली सही केली.

“हे खोडा.”

“नाही खोडणार.”

“चौकशी लागंल, मॅडम.”

“लागू द्या.”

घरी सासूबाईंनाही सांगितलं. “सोडलं ते पुण्यच,” त्या म्हणाल्या. “नाही, आई,” मी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं असेल.

सोमवारी त्या मच्छीमाराकडं जाणार आहे. शिव्या घालील. घालू दे. पण सापळे त्यालाच लावावे लागतील, आणि पहिला कुठं लावायचा ते मीच दाखवणार. बादली जिथं कलती केली, ती पायरी मला चांगली आठवते.