खणातल्या फोनवरचे एकोणीस मेसेज

घराला कुलूप लावायचं, तीनदा ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि परत वर जाऊन चौथ्यांदा ओढायचं, ही तिची रीत. नवरा म्हणायचा, "एक दिवस कुलूप तुझ्याच हातात येईल, मग चोराला काही कष्टच उरणार नाहीत." ऑफिसात तिला सगळे कुलूपताई म्हणत. चाळिशी उलटल्यावर ती कोड लिहायला शिकली, आणि गेली आठ वर्षं चार माणसांच्या त्या ऑफिसात डायलिसिस केंद्रांचं सॉफ्टवेअर तीच सांभाळत होती. कुठल्या पेशंटने किती वाजता यायचं, हे मेसेजने कळवणं हे त्या सॉफ्टवेअरचं मुख्य काम.

अशा बाईने ऑफिसच्या किल्ल्या मात्र चव्हाट्यावर टांगल्या होत्या. प्रत्येक केंद्राची एक सेटिंगची फाईल असे. हॉस्पिटलचे पासवर्ड, मेसेज कुणाला जायचे, सगळं त्यात. कोड सामायिक जागेत असायचा, पण ही फाईल तिथे ठेवायची नाही, असा तिचाच कडक नियम. नियम चांगलाच होता, पण मग ती ठेवायची कुठे, हे कुणी ठरवलंच नव्हतं. त्यामुळे ती चॅट ग्रुपवर फिरायची. "ही घ्या." "ती नको, ही घ्या." "आता हीच शेवटची." सगळ्या फायलींचं नाव एकच. केकचे फोटो आणि हॉस्पिटलचे पासवर्ड एकाच पंगतीला बसलेले.

एका मंगळवारी व्हायचं तेच झालं. एका केंद्रात दुपारी पाण्याची यंत्रणा दुरुस्तीला काढायची होती, म्हणून दुपारच्या पेशंटना सकाळी सातला बोलावलं होतं. मेसेज एकालाही मिळाला नाही. एकोणीस माणसं दुपारी दोनला आली आणि बंद दारासमोर उभी राहिली. त्यातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंना संध्याकाळपर्यंत श्वास घेता येईना. दोन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या, हे नशीब.

सोमवारी त्या केंद्रात नवी आवृत्ती बसवून आला होता तो फिरतीवाला. केंद्राकेंद्रांत जाऊन सॉफ्टवेअर बसवणं हे त्याचं काम; पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. ऑफिसच्या साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं.

"चुकीची फाईल लावलीत. एक तारखेपासून येऊ नका."

"साहेब, ग्रुपवर शेवटची होती तीच लावली," एवढंच तो म्हणाला.

खरं सांगायचं तर कुलूपताईलाही वाटलं, या फिरतीवाल्या भाऊंनीच घोळ घातला. मेसेज का जात नाहीत ते तपासायला तिने खणातला चाचणीचा फोन काढला. बॅटरी मेलेली. तिने तो चार्जिंगला लावला आणि पाणी प्यायला उठली. मागे फोन वाजायला लागला. थांबेचना. परत येऊन बघते तर मास्तरीणबाईंचं नाव, आणि पुढे, उद्या सकाळी सात वाजता यावे. असे एकोणीस.

चाचणी करताना पेशंटना उगाच त्रास नको, म्हणून चाचणीच्या फाईलीत सगळे मेसेज या एकाच फोनकडे वळवलेले असत. ती फाईल फक्त तिच्याकडे होती. तिने ग्रुप मागे सरकवला. सोमवार, सकाळचे अकरा, तिचंच नाव. "आता हीच शेवटची."

ती तशीच साहेबांकडे गेली. "फाईल मी पाठवली होती."

साहेबांनी दार लोटलं. "ताई, हे आपल्या दोघांतच राहू द्या. हॉस्पिटलला मी त्यांचं नाव कळवलंय. तुम्ही गेलात तर सॉफ्टवेअर कोण बघणार? त्यांच्या जागी काय, दुसरा मिळेल."

"चूक माझी आणि घरी ते बसणार?"

"विषय संपला."

"माझा नाही संपला, साहेब."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर आपण! ही गोष्ट तिला गिळवेना. त्या दिवसापासून तिने कंबर कसली. चव्हाट्यावरच्या किल्ल्या गोळा करून काय उपयोग, कुलपंच बदलायला हवीत; म्हणून आधी एकूण एक पासवर्ड बदलले. मग जिथे कोड लिहायची त्या एडिटरलाच तिने एक जोड दिली. एक कळ दाबली की फाईल लॅपटॉपवरच कुलूपबंद होऊन क्लाउडवर जाणार. तिथे प्रत्येक केंद्राचा कप्पा वेगळा. चाचणीचा कप्पा वेगळा, आणि तो फिरतीवाल्याला उघडणारच नाही. कुणी, कधी, कशासाठी फाईल ठेवली याची एक ओळ आपोआप यादीत पडणार. ही यादी, फायली नव्हेत, फक्त यादी, ही केंद्रं बघणाऱ्या हॉस्पिटलच्या अधिकारीबाईंनाही दिसावी, असं पत्र तिने साहेबांपुढे ठेवलं.

"छान! विश्वास बसेल त्यांचा," म्हणत साहेबांनी सही ठोकली.

महिना संपायला दोन दिवस असताना काम पुरं झालं. त्या केंद्राच्या चाचणीच्या कप्प्यात तिने पहिली फाईल ठेवली ती सोमवारचीच. शेजारी लिहिलं : "हीच ती चुकीची फाईल. ग्रुपवर मी पाठवली. लावणाऱ्याचा दोष नाही." आणि कळ दाबली.

अर्ध्या तासात साहेब तिच्या टेबलाशी. "ही ओळ पुसा आधी!"

"पुसता येत नाही. मलाही नाही. तशीच सोय केलीय."

"अहो, हॉस्पिटलला दिसतंय ते!"

"म्हणूनच लिहिलंय."

नोकरी जाणार असं धरून तिने खण आवरायला घेतला. दुसऱ्या दिवशी अधिकारीबाईंचं पत्र आलं. ज्यांनी चूक लिहिली त्यांनीच आमचं काम बघावं, आणि बसवायला तेच गृहस्थ यावेत. साहेब आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. तिलाही तेवढीच शांतता मिळाली.

एक तारखेला फिरतीवाला त्याच केंद्रात होता. दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, फाईल कप्प्यातून घेतली, लावली. आणि यादीतली पहिली ओळ वाचली मी."

"भाऊ, ती आधीच लिहायला हवी होती."

"असू द्या. परवा दुपारी पाण्याची यंत्रणा परत काढणार आहेत, सगळ्यांना सकाळी सातला बोलवायचंय. मेसेज सोडतोय."

चाचणीचा फोन तिने टेबलावर मधोमध ठेवला होता, पूर्ण चार्ज केलेला. ती बघत राहिली. एक मिनिट गेलं, पाच गेली. फोन गप्प. तिकडून मात्र टिंग टिंग ऐकू आलं, आणि एक थकलेला, करडा आवाज.

"मास्तरीणबाई आहेत," फिरतीवाला म्हणाला. "विचारतायत, सात म्हणजे नक्की सातच ना?"

तिने चाचणीचा फोन परत खणात ठेवला.

"सातच, म्हणावं. मी सांगितलंय म्हणून सांगा. माझं नाव घेऊन सांगा."