टाकीच्या तळाचं ऑलिव्ह

तामोची जीभ तिखट, पण हात खात्रीचा. मोरोक्कोतल्या मेकनेस शहराबाहेरच्या ऑलिव्हच्या कारखान्यात तिची वीस वर्षं गेली. हिरव्या ऑलिव्हांचा कडूपणा काढायला ती फळं कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवतात. ते वापरलेलं, जाळणारं पाणी टाकीत घ्यायचं, आम्ल घालून त्याचा जोर मारायचा आणि मगच चरातून उन्हात आटवण्याच्या तळ्यात सोडायचं, हे तिचं काम.

गेल्या हंगामात मात्र घात झाला. पाण्याचा जोर दाखवणाऱ्या कागदी पट्टीचा रंग बघून तिने पाणी सोडलं, वाटेत चर फुटला आणि सख्ख्या भावाचा, हम्मूचा, पुदिना मुळापासून जळाला. पट्टी बुडवली होती वरच्या पाण्यात. टाकी ढवळलीच नव्हती, तळाशी कॉस्टिक तसंच! दोन ईदी झाल्या, हम्मू बहिणीशी बोललेला नाही.

आज नवा मुकादम मुनीर पट्टी नाचवत आला. "मावशी, सोडा पाणी. पुढचा माल खोळंबलाय."

"खोळंबू दे. तुझी पट्टी वरवरचं बोलते."

तिने एक कच्चं ऑलिव्ह दोऱ्याला बांधलं, खाली दगड लावला आणि टाकीच्या तळाशी सोडलं.

"मासे धरताय की काय?"

"हो, तुझ्यासारखे आळशी."

दोन तासांनी तिने ऑलिव्ह वर काढून चिरलं. सालीपासून निम्मा गर तपकिरी. "बघ! तळाचं कॉस्टिक आत शिरलंय." मुनीरचं तोंड एवढंसं झालं. मग त्यानेच लांब दांडा घेऊन टाकी घुसळली, जपून थोडं आम्ल वाढवलं. दुसरं ऑलिव्ह सोडलं. पुन्हा दोन तास. चिरलं तर गर पार बीपर्यंत फिकट हिरवा.

"हुश्श!" म्हणत तामोने झडप उघडली आणि पाण्याबरोबर चराच्या काठाने चालत सुटली.

शेताच्या कडेला हम्मू फावडं घेऊन उभा होता, चर बुजवायच्या तयारीत. तामो त्याला काय सांगणार? ती वाकली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तशीच बसली.

"काढ तो हात, वेडे! भाजेल!" हम्मू ओरडला.

"नाही भाजत, दादा."

तो फावडं टाकून शेजारी बसला आणि त्याने आपलाही हात पाण्यात घातला.

तामोला रडूच कोसळलं.

"आता कशाला रडतेस?" हम्मू म्हणाला. "काही होत नाहीये की."