आतोबांची थरथरणारी वडी

आमच्या आतोबांनी, म्हणजे माझ्या आत्याच्या यजमानांनी, उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीवर पुरता विश्वास ठेवला आणि ती गोष्ट जमिनीखाली होती. भोर संस्थानच्या जंगलखात्यात ते कारकून होते. संस्थान विलीन झालं आणि गृहस्थ वेल्ह्याला घरी येऊन बसले. त्याच सुमारास ब्रह्मदेशच्या लढाईत जाऊन आलेल्या एका शिपायाने त्यांना सुरणाच्या जातीचे चार कंद दिले. तिकडे याचं पीठ करतात, चमचाभर पीठ तांब्याभर पाणी पिऊन फुगतं आणि ते खाल्लं की माणसाला संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही, असं तो म्हणाला. दिवस रेशनचे. आषाढात कणग्यांचा तळ दिसायला लागतो तेव्हा डोंगरातल्या वाड्यांना हे पीठ तारील, असं आतोबांच्या मनाने घेतलं. झालं! आत्याची वांगी-मिरची उपटून तिथे कंद गेले.

कंद जुना झाला की पानाआधी फूल येतं. ते काळपट जांभळं फूल एका चैत्रात उमललं आणि सगळ्या आळीने दोन दिवस मेलेली घूस शोधली. वास कुठून येतो ते कळल्यावर शेजारचा म्हातारा धनगर म्हणाला, “कारकून, मेंढरंबी नाक मुरडत्यात की वो.” आतोबा शांतपणे म्हणाले, “मेंढरांना कुठं पीठ खायचंय?” कंद चिरून त्यांचे हात खाजत, म्हणून हाताला चिंचेचा कोळ फासून ते घरभर हिंडत आणि दारांच्या कड्या चिकट होत. काप वाळत घालायचे ते आत्याच्या पापडांशेजारी. कावळे फक्त पापड नेत, याचाही त्यांना अभिमान. पाहुणा आला की त्याच्यापुढे वाटी ठेवून घसा खाजतो का, भूक कितपत आहे, याची चौकशी सुरू होई. किकवीचे माझे चुलते एकदा निसटायला मिळावं म्हणून “भूकच न्हाई” म्हणाले. आतोबांच्या वहीत ते यश म्हणून नोंदलं गेलं.

पीठ शिजवलं तरी वडी मात्र पडत नसे. एके दिवशी पान लावताना चंचीतला चुना त्यात पडला आणि वडी अशी जमली की ताटात थरथरायला लागली. आत्याने ती कधी तोंडाला लावली नाही. “आमच्यात कंद दुस्काळात खात्यात,” ती म्हणे. “घरात दाणं असताना न्हाई.”

पुष्कळ अर्ज केल्यावर शेवटी पुण्याहून शेतकीचे एक साहेब वडी चाखायला यायचे ठरले. त्यांना पटलं तर बेणं वाड्यावाड्यांतून वाटलं जाणार होतं. मी त्या दिवशी मुद्दाम भोरहून गेलो होतो. सकाळी वड्या थापून आतोबा साहेबांना आणायला एस.टी.वर गेले. ते जाताच आत्याने त्या वड्या टोपलीखाली झाकल्या आणि बेसन घोटायला घेतलं. मी अडवलं, तर म्हणाली, “पुण्याचा मानूस पयल्यांदा दारात येतोय. त्याच्या पानात दुस्काळ वाढू व्हय?”

साहेबांनी चार वड्या खाल्ल्या. “छान. अगदी हरभऱ्यासारखी लागते. बेणं किती देऊ शकाल?”

आतोबांनी तेव्हा कुठे पहिला घास घेतला होता. त्यांचा हात थांबला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत्या तिथे पदर धरून उभी होती. खरं सांगावं तर परक्या माणसापुढे बायको खोटी पडत होती आणि गप्प बसावं तर गोरगरिबांच्या गळ्यात बेसनाच्या चवीवर कंद बांधले जाणार होते.

“बेणं अजून देण्याजोगं झालं न्हाई, साहेब,” ते म्हणाले. “आपल्याला उगाच त्रास दिला.”

साहेब दुपारच्या गाडीने गेले. आपण काय करून बसलो ते आत्याला कळलं होतं. तिने टोपली उचलली, थरथरणारी एक वडी आपल्या पानात घेतली आणि सगळी खाल्ली. “घसा न्हाई खाजत,” ती खाली बघूनच म्हणाली. “मीठ वाईच कमी हाय.”

आतोबा मीठ घेऊन आले आणि तिच्या शेजारीच पान मांडून बसले. त्या काळी नवरा-बायको एका वेळी जेवत नसत. ती दोघं त्या दुपारी जेवली. साहेब पुन्हा आले नाहीत. आतोबांनीही पुन्हा अर्ज केला नाही. त्यांनी आणखी एक तरी करायला हवा होता, असं मला अजून वाटतं.