पहिला घास

अकोल्यात आमच्या गल्लीत कवळ्या बनवणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्याशी बोलताना मी तोंड जपूनच उघडतो, कारण त्यांचं लक्ष माझ्या शब्दांकडे नसतं, दातांकडे असतं. एकदा मी त्यांच्यासमोर दातानं सुपारी फोडली, तर केवढ्यानं खेकसले! "दाताले अडकित्ता समजून राहिले काय? वरचं कवच हाडाहून कडक, पण काचेवानी तडकते. आतला थर जरासा लवते, तो मार झेलते, म्हणून निभून राहिलं तुमचं. माह्या हातच्या कवळीत असा थर नाही नं भाऊ!"

माझ्या बाबांची कवळी त्यांनी चारदा घासून दिली. मग निखाऱ्यांत भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत ते नेमके बाबांसमोर येऊन बसले. सगळे जेवू लागले, यांचा हात मात्र पानाला लागेना. बाबांनी रोडग्याचा कडक पापुद्रा आधी डावीकडे चावला, मग उजवीकडे.

"आबाजी, टोचते काय?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि वांग्याची भाजी पुन्हा मागितली. तेव्हा कुठे यांनी पहिला घास घेतला.

त्यांच्यामुळे समोरच्याचं चावणं बघायची खोड आता मलाही लागली आहे. मी पाहिलं, ते स्वतः एकाच बाजूनं चावत होते.

"माह्याकडे काय पायता?" ते म्हणाले. "जेवा!"