केदारनाथच्या दुकानातले निरोप

केजच्या पेठेत केदारनाथचं भांड्यांचं दुकान होतं. दर्शनी भागात स्टीलचे डबे आणि कळश्या, आणि दाराला लागून काचेचा एसटीडी बूथ. वडिलांच्या वेळचा धंदा त्याने नेटाने चालवला, पण गावात त्याला ओळखत ते निरोपांमुळे.

ऊसतोडीला गेलेली, मेंढ्या घेऊन गोदाकाठी उतरलेली माणसं त्याच्या दुकानात फोन करत. घरचं माणूस त्या वेळी तिथे असणं शक्यच नसे. मग केदारनाथ निरोप लिहून घेई. बाजाराच्या दिवशी घरचं कुणी आलं, की त्याला बूथमध्ये नेऊन, काचेचं दार ओढून, हळू आवाजात वाचून दाखवी. याचे तो काही पैसे घेत नसे.

पूर्वी हे निरोप वहीत असत. गल्ल्यावर टेकलेला कुणीही वही उघडून वाचे. एकदा एका बाईचा घरगुती निरोप असाच चारचौघांत फुटला आणि तिला सासरी फार ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा केदारनाथने जुना संगणक घेतला. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर त्याला निरोप ठेवायचा एक प्रोग्राम सापडला होता. तो कुणा एका कंपनीचा नव्हता; देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला आणि कुणालाही वापरायला मोकळा. तो त्याने स्वतःच्या मशीनवर बसवला, मराठी टाइप करायला शिकला, आणि प्रत्येक घराला एक खुणेचा शब्द दिला.

शेजारी टायपिंगचा क्लास चालवणारा त्रिंबक रोज त्याला छेडायचा. "फुकटाचं सॉफ्टवेअर, फुकटाचे निरोप. धंदा कधी करतो बे?"

"तुझ्या क्लासात पोरं पास होऊ दे, मग करतो," केदारनाथ म्हणायचा.

माझा संबंध आला तो इंग्रजीमुळे. मी औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. लग्न होऊन केजला आले आणि इथलीच झाले. यजमान वारल्यावर दुपारी वेळ असे. प्रोग्रामबरोबर येणारी माहिती इंग्रजीत असायची. केदारनाथ ती छापून आणायचा आणि म्हणायचा, "काकू, एवढं समजून सांगा. आमचं विंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं हाय." मी सांगायची. मला त्याचं अप्रूप होतं, हे कबूल करायला हवं. साठी उलटल्यावर आपल्या शिक्षणाचा कुणाला उपयोग होतोय, ही जाणीव चढते थोडी.

२००५ च्या मार्चमध्ये तो एक नवी सीडी घेऊन आला. जुन्या प्रोग्राममध्ये एक चूक निघाली होती. खुणेचा शब्द न देताही दुसऱ्याचा निरोप उघडता येत होता. नव्या आवृत्तीत ती दुरुस्त केली होती. केदारनाथला त्या वहीतल्या बाईची आठवण होती, म्हणून त्याला धीर धरवत नव्हता.

सीडीबरोबरच्या चार पानांचा मी मराठीत सारांश काढला. तो माझ्या त्या वर्षीच्या डायरीत आहे. आधी सर्व नोंदींची प्रत काढावी. ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहावी. प्रत्येक प्रकारची नोंद वाचून तपासावी. खात्री होईपर्यंत जुनं काही पुसू नये. शेवटच्या दोन वाक्यांखाली मी तांबड्या शाईने रेघही मारली आहे.

१३ मार्चला सकाळी आठला आम्ही बसलो. बाजार दुसऱ्या दिवशी होता. त्या उन्हाळ्यात वीज अकराला जायची ती थेट पाचला यायची, त्यामुळे जे करायचं ते त्याआधी. चाचणी म्हणून मी माझ्याच नावाने एक निरोप टाकला. मला मराठी टाइप येत नसे, तो इंग्रजीत टाकला. मग केदारनाथने सगळ्यांची प्रत काढली आणि ती त्रिंबकच्या क्लासातल्या संगणकावर नेऊन उघडली. तीनशे बारा निरोप. संख्या जुळली. यादीत सर्वांत वर माझा होता. तो उघडला. अक्षर न अक्षर बरोबर.

"बाकीचे बघू का काकू?" त्याने विचारलं.

पावणेअकरा वाजले होते. मी म्हटलं, "संख्या जुळते, वरचा उघडला. आता लाइट जाईल."

त्याने माझं ऐकलं. दुकानात येऊन त्याने मशीनवरचा जुना प्रोग्राम निरोपांसकट पुसला, नवा प्रोग्राम बसवला आणि प्रत त्यात घातली. अकराला वीज गेली तेव्हा काम संपलं होतं. डायरीत मी लिहिलं आहे, 'प्रत तपासली. सर्व ठीक.'

दुसऱ्या दिवशी बाजाराला पहिली आली ती धारूरकडच्या वस्तीवरची रतनबाई. तिचा नवरा धुळाजी पाऊणशे मेंढ्या घेऊन गोदाकाठी होता. मी नेमकी दुकानात होते, कपबशा बघत.

"शेट, मालकाचा काय सांगावा हाय का?"

"हाय की. परवा फोन आलता. या आत." केदारनाथने तिला बूथमध्ये बसवलं आणि निरोप उघडला. पडद्यावर प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या. त्याने दुसऱ्या कुणाचा उघडला. तिथेही तेच. सगळे मराठी निरोप तसेच होते. प्रत काढतानाच प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडलं होतं, आणि मूळ तर आम्ही पुसून टाकलं होतं. तीनशे बारांत माझा एकटा वाचता येत होता.

केदारनाथ पडद्याकडून रतनबाईकडे वळला. मग त्याने आठवेल तेवढं सांगितलं. धुळाजीचा पाय मोडला होता. एका शेतकऱ्याच्या घरून त्याने फोन केला होता. रतनबाईचा भाऊ सिदू याने येऊन कळप ताब्यात घ्यावा, नाहीतर चार दिवसांत तो व्यापाऱ्याला द्यावा लागेल, कारण मेंढ्यांना हिंडवायला माणूस नाही.

"अन् गाव कोणतं?" रतनबाईने विचारलं.

"टाकळी म्हणला. पुढं काहीतरी होतं. टाकळी अमुक, असं."

"टाकळ्या लई हायेत शेट."

"लिहून घेतलं म्हणून डोक्यात ठिवलं न्हाई, रतनबाई."

ती रागावली नाही. नुसती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मंग सिदूला कुठं धाडू?"

केदारनाथने ऐन बाजारात दुकानाला कुलूप लावलं. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्याची बायको शिवकांता नंतर मला म्हणाली. सिदूला मागे बसवून त्याने मोटारसायकल माजलगावच्या रस्त्याला घातली. ते तीन दिवस फिरले. पहिल्या टाकळीत धनगर उतरलेच नव्हते. दुसरीत उतरले होते ते वेगळे. नदी ओलांडून परभणीच्या हद्दीतल्या तिसऱ्या टाकळीत, चौथ्या दिवशी सकाळी, त्यांना धुळाजी सापडला. एका गोठ्याच्या पडवीत पायाला फळ्या बांधून पडलेला. कळप आदल्या दुपारी व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये चढला होता.

केदारनाथने धुळाजीला भाड्याच्या जीपमध्ये घालून आणलं. पाय जुळला, पण आखूड जुळला. पुन्हा कळप उभा राहिला नाही. सिदू ऊसतोडीला जायला लागला आणि धुळाजी केजच्या रस्त्यावर कापसाच्या एका जिनिंग मिलच्या फाटकावर राखणीला बसला.

पेठेत चार-सहा महिने या प्रकाराची चर्चा होती. त्रिंबक आता चेष्टेत नाही, उघड म्हणायचा, "आपल्याला झेपत न्हाई ते करावं कशाला?" केदारनाथ ऐकून घ्यायचा. प्रत कुणी तपासली, घाई कुणी केली, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाला, "काकू, मशीन माझं, बोट माझं. तुमी ती चार पानं वाचून तर बरोबर सांगितली होती." ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला जास्त लागलं.

पुढे त्याने आणखी एक जुनं मशीन घेतलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा नवी आवृत्ती आली, तेव्हा ती आधी त्या दुसऱ्या मशीनवर चढे. तिथे तो प्रत्येक निरोप उघडून माझ्यापुरतं ऐकू येईल असा वाची आणि मी जुन्या मशीनवर पाहून ताडून घेई. एकेका वेळी दोन-दोन दिवस लागत. वीज गेली की आम्ही थांबत असू आणि ती आली की पुन्हा बसत असू. आठवडाभर काही बिघडलं नाही तरच जुनं बंद करायचं. एकदाही काही हरवलं नाही. पण तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आले. शेवटच्या खेपेला ताडून पाहायला सारे नऊ निरोप होते. ते तपासायलाही त्याने तेवढीच काळजी घेतली. नंतर त्याने बूथ काढला आणि तिथे कुकर मांडले.

धुळाजीकडे मात्र मी कळप गेला त्याच वर्षी, दिवाळीनंतर गेले होते. कापसाचे दिवस होते. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली. तो स्टुलावर बसला होता, काठी मांडीवर. मला बसायला त्याने स्टूल दिलं आणि स्वतः फाटकाला टेकून उभा राहिला.

मी विचारलं, "धुळाजी, तुम्ही दुसऱ्यांदा फोन का नाही केला?"

"कशाला करू बाई? केदारशेटनी लिहून घेतलं म्हणलं. त्यांनी लिहिलं म्हंजी पोचलं." तो पुढे म्हणाला, "येपारी सकाळपून बसून होता. मी म्हणलं, थांब, आमचा सिदू निघाला आसंल. दुपारपस्तोर थांबवला त्याला. निरोप पोचला नसंल, असं येकदा बी मनात आलं न्हाई."

मग मी त्याला सांगितलं. प्रत मी तपासली, फक्त माझाच निरोप उघडून पाहिला, केदारनाथ बाकीचे बघतो म्हणत असताना मी त्याला थांबवलं. मशीनचं त्याला किती कळलं कोण जाणे. शेवटचं मात्र कळलं.

"म्हंजी माझा तुमी बघितलाच न्हाई."

"नाही बघितला."

बाहेर ट्रकने हॉर्न दिला. तो काठी टेकत गेला आणि फाटक ढकलायला लागला. एका पायावर जोर येत नव्हता, म्हणून खांद्याने ढकलत होता. मी उठून दुसरी बाजू धरायला गेले तर म्हणाला, "राहू द्या बाई, जड हाय." ट्रक आत गेला. त्याच्यामागे दुसरा लागलेला होता.