दुखलं तर दाबायचं

कंबरवाल्यांचे किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. माणसाला टेबलावर उताणं झोपवलं, छातीला एक आणि कमरेला एक पट्टा बांधला, की त्याला हलता येत नाही. मग करणार काय? बोलत सुटतो!

झाशीत आमच्या दादाचं कायरोप्रॅक्टिक, म्हणजे पाठकण्याच्या उपचारांचं, क्लिनिक होतं. पट्टे बांधायचं काम माझं. आठवीनंतर शाळेचं आणि माझं जमलं नाही, तेव्हा दादा म्हणाला होता, चल माझ्याबरोबर. दादाला जाऊन अजून महिना व्हायचाय. किस्से मात्र डोक्यात पूर्वीसारखेच येतात. त्यांना कोणी कळवलेलं नाही.

*

आधी टेबल सांगतो. त्याचा खालचा अर्धा भाग सरकतो. मशीन कंबर हळूहळू ओढतं, थांबतं, सोडतं, पुन्हा ओढतं. मणक्यांमधली गादी झिजली की मणके एकमेकांवर टेकतात, ते जरा लांब करायचे, एवढाच खेळ. पेशंटच्या हातात वायरचं एक बटण असतं. दाबलं की मशीन बंद. दादा ते प्रत्येकाच्या मुठीत स्वतः ठेवायचा, वरून बोटं मिटायचा आणि म्हणायचा, "दुखलं तर दाबायचं. लाजायचं नाही."

लघाटेकाका बँकेतून रिटायर झालेले. त्यांचं घराणं झाशीत इतकं जुनं की मराठी बोलता बोलता कधी हिंदीत शिरतात, त्यांनाही कळत नाही. पहिल्या दिवशी बटण हातात पडताच त्यांनी डोळे मिटून ते दाबलं. "बस भैया, बहुत हो गया!"

दादा म्हणाला, "काका, मशीन अजून चालूच केलं नाही."

काकांनी डोळे उघडले नाहीत. "तरी दुखलं," म्हणाले.

बाकावरची सगळी मंडळी हसली. दुखऱ्या कमरेने हसणं सोपं नसतं, तरी हसली.

*

सुभेदार जाधव याच्या उलट. साताऱ्याकडचे, जवळच्या बबीना छावणीत पोस्टिंग होतं, मग इथेच राहिले. ते बटण दाबायचेच नाहीत. एकदा कपाळावर घाम, ओठ पांढरे. शेवटी दादानेच मशीन थांबवलं आणि विचारलं, दुखत होतं ना? म्हणाले, होतं. मग दाबलं का नाही?

"ऑर्डर नव्हती."

दादा म्हणाला, मी सांगितलं होतं की.

"सांगितलं होतं. ऑर्डर नव्हती."

त्या दिवसापासून सुभेदारांचा चेहरा बदलला की दादा खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून परेडच्या आवाजात ओरडायचा, "सुभेदार, दाब!" मग दाबायचे.

*

गरौठ्याहून एक म्हातारी यायची. तिने विचारलं, या ओढाओढीने गादी नवी होते का? दादा खोटं बोलत नसे. म्हणाला, नाही अम्मा, गादी झिजली ती झिजली. मणक्यांमध्ये थोडी जागा होईल, तेवढा आराम.

म्हातारी म्हणाली, "तो जगहई कर दो बेटा. बहू आई तब से घर में जगहई नइयाँ."

जिच्यामुळे घरात जागाच नव्हती ती सून शेजारी पिशवी धरून उभी होती!

*

दादाची स्वतःची कंबरही गेलेली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठींवर वाकून दुसरं काय होणार? दुपारी बाक रिकामा झाला की मी त्याला बांधायचो. बटण मुठीत द्यायला गेलो की माझ्याच खिशात टाकायचा. म्हणायचा, "ठेव तुझ्याजवळ. मला कुठे दुखतंय?"

*

त्या दिवशी सकाळपासून तो छाती चोळत होता. विचारलं तर म्हणाला, ॲसिडिटी. एकही पेशंट परत पाठवला नाही. प्रत्येकाच्या मुठीत बटण ठेवलं, प्रत्येकाला सांगितलं, लाजायचं नाही. शेवटचा गेल्यावर स्टुलावर बसला आणि मला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी घेऊन आलो तेव्हा ते कोणाला लागणार नव्हतं.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, सकाळपासून दुखत असणार, बोलले नाहीत का?

*

आता वहिनी म्हणते, टेबल विकून टाकू. बरोबरच आहे तिचं. मला पट्टे बांधता येतात, डॉक्टरी येत नाही. पण ग्वाल्हेरचा एक जण टेबल बघायला आला आणि पट्टा ओढून बघत म्हणाला, माल जुना आहे. मी त्याची कॉलर धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं. संध्याकाळी वहिनी एवढंच म्हणाली, "अरे, एकदा रड तरी."

*

काल सुभेदार आणि लघाटेकाका आले, नेहमीच्या वेळेला. मी म्हटलं, मी मशीन लावणार नाही, मला तो अधिकार नाही.

सुभेदार म्हणाले, "आम्हाला झोपायचं नाही. तू झोप. ऑर्डर आहे."

झोपलो. सुभेदारांनी पट्टे बांधले. छातीचा पिळला होता. लघाटेकाकांनी बाकावरूनच सांगितलं, उलटा आहे, सरळ करा. मग सुभेदारांनी बटण माझ्या मुठीत ठेवलं आणि वरून माझी बोटं मिटली.

"दुखलं तर दाबायचं," म्हणाले. "लाजायचं नाही."

मी दाबलं. दाबून धरलं, सोडवेना.

सुभेदारांनी एकदा मशीनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "अरे, पण अजून चालूच..."

"सुभेदार," बाकावरून लघाटेकाका म्हणाले, "गप्प बसा."