शेजारची पिशवी

मंगळवारी सकाळी अक्का, माझी बहीण, गेली. तेराव्यानंतर मी गावाहून बसने परत निघाले. बस भरलेली होती, चार-पाच जण उभे होते. तरी एका बाकावर खिडकीशी एक मुलगी बसली होती आणि शेजारी तिची पिशवी होती. मुलीच्या ओठांवर, बोटांवर कोडाचे पांढरे डाग होते.

"काय ताई, पिशवीचं तिकीट काढलंय का?" कंडक्टर म्हणाला. एक-दोघे हसले. पण पिशवी उचला, असं कुणीच म्हणालं नाही.

अक्कालाही कोड होतं. तीही अशीच पिशवी ठेवायची. पिशवी नसती, तरी शेजारी कुणी बसलं नसतं; जागा नुसती रिकामी दिसली असती. पिशवीमुळे लोकांना उभं राहायला कारण मिळे आणि अक्काला निवांत खिडकीबाहेर पाहता येई. तिला ऐसपैस बसायला आवडतं, असं मी कित्येक वर्षं समजत होते आणि पुढच्या बाकावर जाऊन बसत होते.

"पिशवी घेतेस का जरा?" मी त्या मुलीला विचारलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "इथं खाली चाक आहे, काकू. गचके बसतील." मलाही तिनं एक निमित्त देऊन पाहिलं.

"बसू देत."

तिनं पिशवी मांडीवर घेतली. गचके खरंच बसले. एका वळणावर तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला, आणि तिनं तो लगेच मागे घेतला नाही.

अक्काची पिशवी आता माझ्याकडे आहे. ती उचल, असं मी अक्काला एकदाही म्हटलं नाही, हेही आहे.